भट्टीपुढची जागा

आप्पांना इस्पितळातून घरी आणून एकवीस दिवस झाले होते. काळजाची नळी फुगवून आत जाळी बसवता येते, पण माणसाचा स्वभाव काही तिथून बदलून मिळत नाही, हे एवढ्या दिवसांत घरातल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सपाट जमिनीवर वीस मिनिटं चाला. तर आप्पा अंगणातून चालत थेट कारखान्याच्या दारापर्यंत जायचे, दाराला हात लावायचे आणि परत यायचे. "सपाटच आहे की," वर हे ऐकवायचे.

कारखाना घराच्या मागेच होता. तीन पिढ्या या घरातली माणसं कांस्याच्या घंटा ओतत आली होती. शाळेची, जहाजाची, मनोऱ्यावरच्या घड्याळाची, कोणी मागेल तसली. आजोबा भट्टीवर उभे राहिले, मग आप्पा उभे राहिले, आणि गेली सोळा वर्षं त्यांचा धाकटा मुलगा त्यांच्या डाव्या हाताला उभा राहून वितळलेल्या धातूवरची मळी काढत होता. भट्टीचं तोंड बरोबर कमरेच्या उंचीला. समोर उभं राहिलं की अंगातलं पाणी आटतंय असं वाटायचं. या घरात त्याचा अभिमानच होता. भट्टीपुढचा गडी, त्याला काय धाड भरलीय, हे वाक्य धाकट्याने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

या कारखान्यात एक पद्धत होती. धातू ओतायच्या आधी भट्टीवरच्या माणसाने सगळ्यांकडे बघून विचारायचं, "कोणाला काही आहे का?" म्हणजे कोणाला ताप, चक्कर, रात्रीची झोप नाही, घरी भांडण, काहीही. असेल त्याने बाजूला व्हायचं. कारण ओतायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही. थांबलं तर घंटेत सांधा राहतो, आणि सांध्याची घंटा वाजत नाही, नुसती खडखडते. पद्धत सोन्यासारखी होती. फक्त आजोबांच्या काळापासून एकाही माणसाने "काही नाही" याखेरीज दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं.

त्या दिवशीही आप्पांनीच विचारलं होतं. सकाळपासून त्यांचा जबडा दुखत होता, डावा खांदा भरून आला होता, आणि त्याआधी पंधरा दिवस छातीतलं दुखणं ते गॅस म्हणून अंगावर काढत होते. आणि सगळ्यांत मोठ्याने "काही नाही" म्हणाले तेही आप्पाच. त्यांच्या कपाळावर गार घाम आला होता. पण भट्टीपुढं घाम आला म्हणून कोण कोणाला विचारणार? तिथं सगळेच निथळत असतात. ओतकाम पुरं झालं, घंटेत सांधा राहिला नाही, आणि मग आप्पा खाली बसले ते उठलेच नाहीत. दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस तासभर आधी दवाखान्यात गेला असता.

असो. वाचले.

आता रविवारी दुपारी चार वाजता सगळे बैठकीच्या खोलीत जमले होते. आप्पा आरामखुर्चीत. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी माई, मांडीवर सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा घेऊन आठवड्याच्या गोळ्या भरत. थोरला मुलगा खिडकीपाशी, फोन हातात. तो कारखान्याचं ऑफिस बघायचा, गिऱ्हाइकांना मधाचं बोट लावायचा, आणि चाळिशीतच त्याचं पोट घंटेच्या घेराला आलं होतं. त्याची बायको दोन्ही मुलींना घेऊन तिच्या बहिणीकडे गेलेली. आत्या मात्र खास आल्या होत्या. आत्या म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहीण, वय वर्षं बहात्तर, उचलली जीभ लावली टाळ्याला हा एकच व्यवसाय. धाकटा दाराजवळच्या स्टुलावर बसला होता, आणि त्याची बायको चहाचे कप वाटत होती.

"डॉक्टरांनी मला भट्टी बंद केलीय," आप्पा म्हणाले. "सहा महिने नाही, कायमची."

"ते आम्हाला माहितीये, आप्पा," थोरला म्हणाला. "तुम्हालाच माहीत करून द्यायला तीन आठवडे लागले."

"तू गप. मनोऱ्याची घंटा ओतायची आहे. साचा वाळत आलाय. भट्टीवर कोणीतरी उभं राहायला पाहिजे."

"कोणीतरी कशाला?" आत्या म्हणाल्या. "हा बसलाय की समोर. सोळा वर्षं मळी काढून काढून काळा पडलाय बिचारा."

आप्पांनी धाकट्याकडे पाहिलं. आप्पा कोणाचं कौतुक करत नसत. घंटा चांगली निघाली तर "बरी आहे" म्हणायचे, आणि वाईट निघाली तर दोन दिवस बोलायचे नाहीत. त्या माणसाने आज सगळ्यांसमोर घसा साफ केला.

"त्याला रंगावरून धातू कळतो," ते म्हणाले. "मला त्याच्या वयात कळत नव्हता. उद्यापासून भट्टी त्याची. तोच विचारेल, तोच ओतेल."

धाकट्याच्या छातीत काहीतरी एकदम भरून आलं. विसाव्या वर्षापासून ज्या वाक्याची वाट पाहिली, ते वाक्य आज आलं होतं. अकरा दिवस आधी आलं असतं तर तो उठून आप्पांच्या पाया पडला असता.

अकरा दिवसांपूर्वी त्याच्या हातात एक रिपोर्ट पडला होता. लग्नाला सात वर्षं, त्यातली पाच मूल हवं म्हणून दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवण्यात गेलेली. झिजवल्या त्या बायकोने. त्या पाच वर्षांत एकाही डॉक्टरने धाकट्याला "तुम्ही तपासून घेतलंत का?" असं विचारलं नव्हतं, आणि त्यानेही हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून विषय काढला नव्हता. आत्ता एक नवी डॉक्टरीण भेटली. तिने फाइल चाळली, चष्मा काढला आणि म्हणाली, "सगळं तुमचंच तपासलंय. यांचं कुठंय?" मग यांचं तपासलं. शुक्रजंतू अगदी थोडे, जे होते त्यातले निम्मे धड पोहत नव्हते. वृषणाची म्हणून जी पिशवी असते पुरुषाची, तिच्यातल्या शिरा फुगलेल्या. त्यात सोळा वर्षं कमरेशी भट्टी आणि तोंडात तंबाखू. "याने तुमच्या पुरुषपणाला काही होत नाही," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या होत्या. "सर्दी झाली म्हणून कोणी नाकाला नाव ठेवतं का? छोटं ऑपरेशन करू, तंबाखू सोडा, आणि काही महिने भट्टीपुढं उभे राहू नका. नवे जंतू तयार व्हायला तीनेक महिने लागतात. मग पुन्हा तपासू. खात्री देत नाही, पण आशा चांगली आहे." मंगळवारची वेळ दिली होती.

"काय रे?" आप्पा म्हणाले. "तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

"बरं," धाकटा म्हणाला.

"बरं काय बरं? हसून सांग की!" आत्यांनी टाळी वाजवली. "चला, एक काळजी मिटली. आता एकच राहिली. याच्यानंतर भट्टीवर कोण? थोरल्याला दोन्ही मुली." त्यांनी चहा देणाऱ्या सुनेकडे मान वळवली. "तुला म्हणून सांगते गं, डॉक्टर बदल. एकाचा गुण नाही आला तर दुसरा. बाईच्या जातीनं असं हातावर हात धरून बसून चालत नाही."

सुनेने आत्यांचा कप उचलला. तो अजून अर्धा भरलेला होता. ती ट्रे घेऊन आत गेली, ट्रे ठेवल्याचा आवाज आला आणि मागचं दार उघडल्याचा आवाज आला. माईंनी गोळ्यांवरून मान वर केली, धाकट्याकडे क्षणभर पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

ती कुठे गेली असेल ते धाकट्याला ठाऊक होतं. कारखान्याच्या टोकाला सूर लावायची खोली होती. ओतून थंड झालेली घंटा तिथल्या लेथवर उलटी बसवायची आणि आतून केसभर केसभर खरवडत तिचा सूर जागेवर आणायचा, हे काम ती करायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं काही येत नव्हतं. आता तिच्या कानाला पास झाल्याशिवाय घंटा दाराबाहेर जात नसे. आप्पासुद्धा तिथे तिच्याशी वाद घालत नसत.

तो गेला तेव्हा ती एका जहाजाच्या घंटेवर वाकली होती. लेथ बंदच होता.

"बरं म्हणालास," ती म्हणाली. चारचौघांत ती त्याला अहोजाहो करायची, इथे तू.

"आप्पांना नाही कसं म्हणू? त्यांना ताण द्यायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय."

"खरंय. माझ्या ताणाचं कोणी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही, म्हणून तो चालतो."

"तसं नाही गं. आत्या आठवड्याने जातील. आप्पा जरा सावरू देत. मनोऱ्याची घंटा तेवढी होऊ दे. मग सांगतो."

"मनोऱ्याची झाली की शाळेची येईल. शाळेची झाली की अजून कोणाची." तिने घंटेवर बोट टेकवलं. "मंगळवारी जायचंय ना आपल्याला?"

त्याने लेथच्या कडेवरची भुकटी बोटाने गोळा केली.

"म्हणजे नाही जायचं," ती म्हणाली.

"भट्टीवर उभं राहायचं नाही असं सांगितलं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की सगळ्या कारखान्याला कळणार. आपल्या माणसांना तू ओळखतेस. भट्टीवरचा माणूस, आणि त्याला..."

"त्याला काय? वाक्य पुरं कर की."

त्याला ते पुरं करता येईना.

"मी करते," ती म्हणाली. "तुझ्या जागी मला पाच वर्षं जे म्हणतात ना, ते तुला म्हणतील. त्यातलं एक अक्षरही वाढवणार नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने घंटेवरचं बोट काढून हात कमरेवर ठेवला. "पाच वर्षांत किती इंजेक्शनं घेतली ते मी मोजलं नाही. दोनदा पोटाला भोक पाडून आत कॅमेरा घातला. कधी रडले तुझ्यापुढं?"

"नाही."

"न्हाणीघरात रडायचे. नळ सोडून. तुझ्यावर चिडले नाही, कारण मला वाटायचं, कमी माझ्यातच आहे. आत्या म्हणायच्या, तेही खरंच वाटायचं. अरे, मला माझ्या अंगाचा राग यायचा. आणि आता तुझ्यावर आलंय तर तुला काय सांगितलंय? तीन महिने एका जागेपासून लांब उभा राहा. बस. तेवढंही तुला जमेना."

"मला भट्टी हवी होती गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याची त्याला लाज वाटली. "विसाव्या वर्षापासून. आणि आज आप्पांनी सगळ्यांसमोर दिली."

तिला हे माहीत होतं, आणि तिला त्याची कीवही आली. ती जवळ आली आणि त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेली राख झटकली.

"मला माहितीये," ती म्हणाली. "म्हणून मी तुला सांग असं म्हणत नाही. तुझं शरीर, तुझी गोष्ट. झाकली मूठ ठेवायची तर ठेव. पण त्या मुठीत माझा हात आहे, तो मी काढून घेणार. आत्या पुढच्या वेळी 'डॉक्टर बदल' म्हणाल्या तर मी त्यांना हो म्हणणार नाही. आणि मी आता एकही सुई टोचून घेणार नाही. तुझं नाव झाकायला तर नाहीच नाही."

मग तिने लेथ सुरू केला. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं.

धाकटा भट्टीपाशी जाऊन उभा राहिला. तीन आठवड्यांच्या वर पेटलेली नव्हती, तोंड काळं आणि गार. उद्या सकाळी तो इथे उभा राहील आणि माणसांना विचारेल, कोणाला काही आहे का. आणि स्वतः काय म्हणेल? आप्पा म्हणाले तेच म्हणेल. आणि माणसं ऐकून घेतील, कारण त्यांचंही तेच उत्तर असतं. या विचाराने त्याला घाम फुटला, भट्टी गार असताना.

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच झाले तेव्हा तो घरात आला. आप्पांच्या दंडाला पट्टा गुंडाळून माई रक्तदाब घेत होत्या. आत्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांची हजेरी घेत होत्या. थोरला फोनवर कोणाला तरी "झालीच समजा, साहेब" असं सांगत होता.

"किती आला?" धाकट्याने विचारलं.

"चांगलाय," माई म्हणाल्या.

"मग मला एक सांगायचंय. आप्पा, मी उद्या भट्टीवर उभा राहत नाही."

थोरल्याने पुढं काही न बोलताच फोन बंद केला.

"का?" आप्पा म्हणाले.

"तीन महिने तरी नाही. मला डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय." एवढ्यावर थांबता आलं असतं. पाठदुखी म्हणता आलं असतं, डोळे म्हणता आले असते. तो थांबला नाही, आणि आपण थांबत नाही याचं त्यालाच नवल वाटलं. "आम्हाला मूल होत नाही ते हिच्यामुळं नाही. माझ्यामुळं. मी तपासून घेतलंय. हिच्यात काही कमी नाही, कधीच नव्हती. उष्णतेनं, तंबाखूनं आणि फुगलेल्या शिरांनी माझ्यातले जंतू कमी झालेत. ऑपरेशन करायचंय. मंगळवारी जायचंय त्यासाठी."

मागच्या दारात ती येऊन उभी राहिली होती. किती वेळ, कोण जाणे. हात अजून धातूच्या भुकटीने माखलेले होते.

"चल, काहीतरीच!" आत्या म्हणाल्या. "पुरुषात कुठं असलं असतं? हे हल्लीचे डॉक्टर, यांना कोणीतरी गिऱ्हाईक लागतं. आमच्या घरात असलं कधी कोणाला झालं नाही. आणि झालं असेल तरी माणूस असा चारचौघांत सांगत सुटतो का?"

"आत्या, चारचौघांत हिला तुम्ही विचारत होता," धाकटा म्हणाला. "म्हणून चारचौघांतच सांगितलं."

आत्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यातून काही बाहेर आलं नाही, हे त्यांच्या आयुष्यात बहुधा प्रथमच घडत असावं.

"हे बघ," थोरला उठून आला. तो एरवी अशा वेळी काहीतरी पांचट बोलून मोकळा झाला असता, आणि धाकटा त्याचीच वाट पाहत होता. पण थोरल्याने कान खाजवला. "मग भट्टीचं कसं? मी उभा राहिलो असतो. पण मला... म्हणजे मला दीड वर्षापासून ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. गाडीत ठेवतो, डॅशबोर्डच्या खणात. घरात कोणाला बोललो नाही."

"बायकोला?" माईंनी विचारलं.

"तिला तर मुळीच नाही. मीठ बंद केलं असतं तिनं."

"म्हणजे या घरात धडधाकट अशी मी एकटीच?" आत्या म्हणाल्या. त्यांना वाचा परत मिळाली होती.

कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे आप्पांवर होते. त्यांना ताण नको, त्यांना धक्का नको, असं एकवीस दिवस जपलं होतं. आप्पांचा दंड अजून पट्ट्यात होता. ते धाकट्याकडे बघत नव्हते. आपल्या उजव्या पावलाकडे बघत होते.

"किती महिने म्हणाला डॉक्टर?"

"डॉक्टरीण आहे. तीन म्हणाली. नवे जंतू तयार व्हायला तेवढे लागतात."

"तीन," आप्पा म्हणाले. "मलाही तीनच सांगितले होते."

माईंच्या हातातला रबरी फुगा तसाच राहिला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"हा थोरला पाच वर्षांचा असताना. त्याच्या पाठीवर होत नव्हतं काही. तू किती डॉक्टर केलेस! आई तुला येता-जाता बोलायची. ही बोलायची." त्यांनी बहिणीकडे मान हलवली. "मी एकदा गुपचूप गेलो, लांबच्या दवाखान्यात. त्या म्हाताऱ्या डॉक्टरने तपासून सांगितलं, दोष तुझ्यात आहे, भट्टी तीन महिने सोडून बघ. मी चिठ्ठी भट्टीतच टाकली. घरी आलो आणि काही बोललो नाही."

"आणि मग?"

"मग तीन वर्षांनी माझ्या पायावर साचा पडला. पाच महिने मी खाटेवर होतो. भट्टीचं तोंड बघितलं नाही." आप्पांनी आता धाकट्याकडे पाहिलं. "त्यानंतर वर्षाच्या आत तू झालास."

आपण या घरात कसे आलो हे धाकट्याला पस्तिसाव्या वर्षी कळत होतं. या घराने ज्या भट्टीचा एवढा अभिमान धरला, तिच्यापासून बाप लांब राहिला म्हणून तो जन्माला आला होता.

माईंनी आप्पांच्या दंडाचा पट्टा सोडला. नीट घडी घातली आणि डब्यात ठेवली. त्यांना रडू आलं नाही, पण चेहरा एकदम थकल्यासारखा झाला.

"दोघांच्या मध्ये नऊ वर्षं गेली," त्या म्हणाल्या. "त्यातली शेवटची चार तुम्हाला माहीत असताना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला मी. आई गेल्या तेव्हाही त्यांना वाटत होतं, ही कमअस्सलच आणली. मूल उशिरा झालं याचं मला काही नाही हो. पण तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी तेवढी वर्षं माणसांत मान वर करून चालले असते."

"लाज वाटली," आप्पा म्हणाले. "पुढं पुढं तर न सांगितल्याचीच जास्त वाटायला लागली. आज पोराला वाटली नाही, तेव्हा मला झाकून ठेवायला काही राहिलं नाही. चुकलं माझं. माफ करशील?"

"बघू," माई म्हणाल्या. "डॉक्टरांनी चिडायची बंदी तुम्हाला केलीय, मला नाही."

आत्या खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळल्या. "वहिनी, मी आपली आई बोलायची म्हणून... मला काय ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं तेव्हा गप्प बसायचं असतं, वन्सं."

आप्पांनी डोळे मिटून दोन-तीनदा सावकाश श्वास घेतला, इस्पितळात शिकवला होता तसा. मग उघडले. "मनोऱ्याची घंटा तीन महिन्यांनी जाईल," ते थोरल्याला म्हणाले. "कळव त्यांना. बारीक कामाला जुन्या माणसांच्या पाळ्या लाव. दीड तासाच्या वर कोणीही भट्टीपुढं उभं राहायचं नाही, आणि तिच्या तोंडाला पत्र्याचा आडोसा घालून घे. त्यांच्याही घरी बायका आहेत." आणि धाकट्याला म्हणाले, "तुझी जागा तुझीच आहे. जरा लांबून बघ तीन महिने. रंग तुला लांबूनही कळतो."

धाकट्याने मान हलवली.

माई उठल्या. गोळ्यांचा डबा आप्पांच्या हातात दिला. "मंगळवारच्या तुमच्या तुम्हीच भरा. कप्प्यावर लिहिलेलं आहे." मग त्या मागच्या दाराकडे गेल्या, जिथे सून अजून तशीच उभी होती. तिच्या माखलेल्या हातांची पर्वा न करता त्यांनी ते आपल्या हातांत घेतले.

"पाच वर्षं तू एकटी जात होतीस," त्या म्हणाल्या. "मी यातून गेलेली, मला सगळं ठाऊक. तरी एकदाही तुला म्हटलं नाही, की थांब, मी येते तुझ्याबरोबर. वन्सं बोलायच्या तेव्हा मी गोळ्या मोजत बसायचे. ह्यांना मी काय बोलू? मीही तेच केलं. मंगळवारी मी येते."

सुनेचे डोळे आता भरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने ते कोणापुढं भरू दिले, नळ न सोडता. रडता रडता तिला हसूही आलं.

"माई, पण मंगळवारी मला आत जायचंच नाहीये. ह्यांना जायचंय."

"माहितीये मला," माई म्हणाल्या. "त्याला जाऊ दे आत. आपण दोघी बाहेर बाकावर बसू."